वाचकांचे प्रश्न : लिनक्सवरील मीडिया सेंटरचे बिघाड

या अंकासाठी निवडलेले प्रश्न लिनक्स संगणकाला टीव्ही जोडून त्यावर स्वतःच्या संग्रहातील चित्रपट, मालिका आणि संगीत चालवणाऱ्या वाचकांचे आहेत. त्यांतील काहींकडे कोडी आहे, म्हणजे टीव्ही ज्या संगणकाला जोडलेला असतो त्यावरच चालणारे आणि फाइल स्वतः उलगडून दाखवणारे सॉफ्टवेअर. तर काहींकडे जेलीफिन आहे, म्हणजे एका संगणकावर सेवा म्हणून सतत चालू राहणारा आणि घरातील इतर उपकरणांना चित्रपट पुरवणारा सर्व्हर. प्रश्न वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. बहुतेकांनी बिघाड नेमका कोठे आहे हे पाहण्याआधीच सॉफ्टवेअर काढून पुन्हा इन्स्टॉल केले होते आणि त्यानंतरही बिघाड जसाच्या तसा राहिला होता. असे का होते याचा खुलासा पहिल्याच उत्तरात केला आहे. तो सर्वांनीच वाचावा अशी विनंती आहे.

प्रश्न : लिनक्सची नवी आवृत्ती घेतल्यापासून कोडी सुरू होताच बंद पडते. मी ते दोनदा पूर्णपणे काढून पुन्हा इन्स्टॉल केले, तरी फरक पडला नाही. आता संपूर्ण प्रणालीच नव्याने टाकावी का?

उत्तर : तशी गरज बहुधा पडणार नाही. आपण पॅकेज काढून टाकता तेव्हा केवळ प्रोग्रामच्या फाइल जातात. आपल्या सेटिंग्ज, अ‍ॅड-ऑन, स्किन आणि संग्रहाची माहिती ठेवणारा डेटाबेस हे सारे आपल्या होम फोल्डरमधील ‘डॉट कोडी’ या लपलेल्या फोल्डरात असते आणि पॅकेज व्यवस्थापक त्याला हात लावत नाही. म्हणजेच प्रोग्राम नवा आला तरी त्याने वाचलेल्या सेटिंग्ज जुन्याच होत्या. यासाठी कोडी पूर्ण बंद करून त्या फोल्डरचे नाव बदलावे आणि कोडी पुन्हा सुरू करून पाहावे. ते सुरू झाले, तर दोष सेटिंग्जमध्ये किंवा अ‍ॅड-ऑनमध्ये आहे. तरीही बंद पडले, तर दोष कोडीच्या बाहेर, बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आहे. फोल्डर कधीही पुसू नये, केवळ नाव बदलावे, कारण त्यातील माहिती आपल्याला नंतर हवी असते. कोडी फ्लॅटपॅक (वेगळ्या चौकटीत चालणारे पॅकेज) स्वरूपात घेतलेले असल्यास हा फोल्डर होम फोल्डरमधील ‘डॉट व्हार’ या फोल्डरच्या आत वेगळ्या जागी असतो, हे लक्षात ठेवावे. अन्यथा ज्या फोल्डरचा काही संबंधच नाही त्याचे नाव बदलून आपण चुकीच्या निष्कर्षावर पोहोचाल.

यानंतर लॉग फाइल, म्हणजे कोडी काय काय करत होते याची नोंद, उघडावी. ती याच फोल्डरातील ‘टेम्प’ फोल्डरमध्ये ‘कोडी डॉट लॉग’ या नावाने असते. प्रत्येक वेळी कोडी सुरू होताना आधीच्या सत्राची लॉग फाइल ‘कोडी डॉट ओल्ड डॉट लॉग’ या नावाने बाजूला ठेवली जाते आणि त्याहून जुनी नोंद नाहीशी होते. म्हणून बिघाड झाल्यावर कोडी पुन्हापुन्हा सुरू करत राहण्याऐवजी आधी ती फाइल दुसरीकडे जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते. कोडी अचानक कोसळले असेल, तर होम फोल्डरमध्ये त्या दिनांकाची आणि वेळेची वेगळी क्रॅशलॉग फाइल तयार होते. तीत कोणत्या लायब्ररीपाशी प्रोग्राम थांबला याचा पूर्ण माग हवा असेल, तर जीडीबी हे प्रोग्राममधील दोष शोधण्याचे पॅकेज आधीपासून टाकलेले असावे लागते.

लॉगमध्ये सुरुवातीच्या भागात कोडीची आवृत्ती, कर्नल आणि ग्राफिक्सचे तपशील लिहिलेले असतात. तेथे ‘जीएल रेंडरर’ या ओळीत आपल्या ग्राफिक्स चिपचे नाव न दिसता ‘एलएलव्हीएमपाइप’ असे दिसले, तर खरा ड्रायव्हर लोड झालेला नाही आणि चित्र रंगवण्याचे सर्व काम प्रोसेसरच करत आहे, असे निश्चित समजावे. त्या स्थितीत कोडीच्या सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी उपयोग नाही; आधी ड्रायव्हर दुरुस्त करावा लागेल.

दोष जुन्या फोल्डरात निघाला, तर सर्वप्रथम अ‍ॅड-ऑनवर संशय घ्यावा. २०२१ मध्ये आलेल्या कोडी १९ या आवृत्तीपासून अ‍ॅड-ऑन पायथन ३ मध्ये लिहिलेले असणे आवश्यक झाले आणि पायथन २ वरील जुने अ‍ॅड-ऑन निकामी ठरले. जे वाचक अनेक आवृत्त्या ओलांडून एकदम पुढे आले आहेत, त्यांच्याकडे असे अवशेष हमखास सापडतात. नव्या फोल्डरात आधी केवळ ‘यूजरडेटा’ परत आणावा, कोडी चालते याची खात्री करावी आणि मग आवश्यक ते अ‍ॅड-ऑन अधिकृत भांडारातून एकेक करून नव्याने घ्यावेत. आपली ‘पाहिलेले चित्रपट’ ही नोंद यात नष्ट होत नाही. चित्रपटांचा डेटाबेस आवृत्तीनुसार क्रमांक धारण करतो, जसे की कोडी १९ साठी ११९, कोडी २० साठी १२१ आणि कोडी २१ साठी १३१. नवी आवृत्ती जुन्या फाइलमधील माहिती घेऊन तिच्या शेजारी नवी फाइल तयार करते. मात्र हे रूपांतर एकाच दिशेने होते. जुन्या आवृत्तीकडे परतल्यास मधल्या काळातील नोंदी दिसत नाहीत, म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी संपूर्ण फोल्डरची प्रत काढून ठेवावी.

प्रश्न : एचडी चित्रपट व्यवस्थित चालतात, पण ४के चित्रपट अडखळतात आणि पंखा जोरात फिरू लागतो. याशिवाय काही चित्रपटांत कॅमेरा आडवा फिरत असताना दृश्य बारीक झटके देत सरकते. त्या वेळी प्रोसेसरवर तर काहीच भार नसतो. नवा संगणक घ्यावा का?

उत्तर : आपण वर्णन केलेले हे दोन स्वतंत्र बिघाड आहेत. त्यांचे निदान आणि उपाय वेगळे आहेत, म्हणून ते एकत्र सोडवण्याचा प्रयत्न करू नये.

पहिला प्रश्न फाइल उलगडण्याचा, म्हणजे डिकोडिंगचा आहे. चित्रपट चालू असताना कीबोर्डवरील ‘ओ’ ही कळ दाबावी. पडद्यावर जी माहिती उमटते तीत व्हिडिओ डिकोडरच्या नावापुढे हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर दर्शवणारी दोन अक्षरे असतात. आपल्या वर्णनावरून तेथे सॉफ्टवेअर असे दिसेल, आणि ४के एचईव्हीसी (व्हिडिओ संकुचित करण्याचा एक प्रकार) फाइल केवळ प्रोसेसरच्या बळावर उलगडणे साध्या संगणकाला झेपत नाही. आता टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ ही कमांड चालवून पाहावी. ती आपली ग्राफिक्स चिप आणि तिचा ड्रायव्हर मिळून कोणकोणते व्हिडिओ प्रकार उलगडू शकतात याची यादी देते. यादीतील ज्या ओळींच्या शेवटी ‘व्हीएलडी’ असते त्या उलगडण्याच्या असतात, तर ‘एन्कस्लाइस’ असलेल्या ओळी व्हिडिओ तयार करण्याच्या क्षमतेविषयी असतात. अनेक जण दुसऱ्या प्रकारच्या ओळी पाहून समाधान मानतात, ते चुकीचे आहे.

यादी रिकामी असेल किंवा कमांडच त्रुटी दाखवत असेल, तर ड्रायव्हरचे पॅकेज राहून गेलेले आहे. इंटेलच्या पाचव्या पिढीपासूनच्या चिपना ‘आयएचडी’ हा ड्रायव्हर लागतो आणि त्याहून जुन्या चिपना ‘आय९६५’. एएमडीच्या चिपसाठी हे काम मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच करतो. परंतु फेडोराने २०२२ मध्ये पेटंटच्या कारणास्तव आपल्या मेसा पॅकेजमधून एच.२६४ आणि एचईव्हीसी यांची ही सोय काढून टाकली असल्याने तेथे आरपीएम फ्यूजन या भांडारातील पर्यायी पॅकेज घ्यावे लागते. याउलट यादी भरलेली असेल आणि नेमका आपल्या फाइलचा प्रकार तीत नसेल, तर मर्यादा हार्डवेअरची आहे. उदाहरणार्थ, इंटेलच्या सहाव्या पिढीची चिप आठ बिटांचे एचईव्हीसी उलगडते, पण बहुतेक ४के चित्रपट दहा बिटांचे असतात आणि त्यांचा पूर्ण आधार सातव्या पिढीपासून मिळतो. एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारासाठी अकरावी पिढी लागते. नवा संगणक घ्यावा की नाही, हा निर्णय या यादीवरून करावा, पंख्याच्या आवाजावरून नव्हे.

दुसरा बिघाड अधिक सूक्ष्म आहे, आणि तो बिघाड आहे हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चित्रपट सहसा सेकंदाला २३.९७६ किंवा २४ फ्रेमचा असतो, तर संगणकाचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असतो. साठ हा आकडा चोविसाच्या पूर्ण पटीत नसल्यामुळे एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. स्थिर दृश्यात हे कळत नाही, पण कॅमेरा सावकाश आडवा सरकू लागला की डोळ्यांना तो असमान ताल जाणवतो. यासाठी सेटिंग्जमधील ‘प्लेअर’ विभागात ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हा पर्याय ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ असा ठेवावा. पर्याय दिसत नसल्यास पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सेटिंग्जची पातळी वाढवावी. त्यानंतर चित्रपट सुरू होताना टीव्ही क्षणभर काळा होऊन योग्य दरावर येतो. ‘एक्सरँडआर’ या कमांडच्या यादीत २३.९८ हा दर आहे की केवळ २४, हेही पाहावे, कारण २३.९७६ चा चित्रपट नेमक्या २४ च्या दरावर दाखवला, तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते आणि तेवढाच एक बारीक खटका बसतो.

हा पर्याय काम करण्यासाठी कोडी खिडकीत न चालता पूर्ण पडद्यावर चालणे आवश्यक आहे. वेलँड या डेस्कटॉपच्या नव्या पद्धतीच्या सत्रात सामान्य प्रोग्रामला पडद्याचा दर स्वतः बदलता येत नाही, म्हणून एक्स११ या जुन्या पद्धतीचे सत्र वापरावे. किंवा संगणक केवळ टीव्हीसाठीच असेल, तर डेस्कटॉपविना थेट जीबीएम या ग्राफिक्स यंत्रणेवर कोडी चालवावे. टीव्हीला कायमच्या जोडलेल्या संगणकासाठी ही शेवटची रचना मला सर्वांत निर्दोष वाटते, कारण तीत कोडी आणि पडदा यांच्यामध्ये ढवळाढवळ करणारे दुसरे काहीच उरत नाही.

प्रश्न : जेलीफिनमध्ये बाहेरची यूएसबी डिस्क संग्रह म्हणून जोडली, पण स्कॅन पूर्ण होऊनही एकही चित्रपट दिसत नाही. फाइल व्यवस्थापकात त्याच फाइल उघडतात आणि चालतात. एका परिचिताने सर्व फाइलना ७७७ परवानगी देण्यास सांगितले, त्यानेही काही झाले नाही.

उत्तर : फाइल व्यवस्थापक आपल्या खात्याने चालतो, तर जेलीफिन त्याच नावाच्या स्वतंत्र खात्याने चालते, आणि या बिघाडाचे मूळ त्यातच आहे. डेस्कटॉपवर डिस्क जोडली की ती ‘मीडिया’ फोल्डरच्या आत आपल्या नावाच्या उपफोल्डरात जोडली जाते आणि त्या उपफोल्डरात प्रवेशाची परवानगी केवळ आपल्याच खात्याला दिलेली असते. आतल्या फाइलना कोणतीही परवानगी दिली तरी बाहेरच्या दारातच अडवणूक होत असल्याने सर्व्हरला त्या फाइल दिसतच नाहीत. लिनक्समध्ये एखाद्या फाइलपर्यंत पोहोचण्यासाठी वाटेतील प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’ ही परवानगी लागते. ‘नेमआय’ या कमांडला ‘एल’ हा पर्याय देऊन फाइलचा पूर्ण मार्ग दिला की प्रत्येक पायरीची मालकी आणि परवानगी एकाखाली एक छापली जाते आणि वाट कोठे अडली आहे ते एका नजरेत कळते. त्यानंतर ‘सुडो’च्या साह्याने जेलीफिनच्या खात्यातूनच त्या फोल्डरची यादी मागून पाहावी. जेलीफिनच्या खात्याला यादी दिसत नाही, तोवर जेलीफिनच्या सेटिंग्जमध्ये काहीही बदलू नये.

७७७ परवानगीचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो देऊ नये असे मला मनापासून वाटते. त्यामुळे प्रणालीतील प्रत्येक खात्याला आपल्या फाइल बदलण्याची आणि पुसण्याची मुभा मिळते, आणि जेलीफिनला चित्रपट दाखवण्यासाठी केवळ वाचण्याची परवानगी पुरेशी असते. योग्य मार्ग असा, की डिस्कसाठी आपल्या नावाबाहेरचा एक स्थिर फोल्डर ठरवावा आणि कोणती डिस्क कोठे जोडायची हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये ‘बीएलकेआयडी’ कमांडने मिळणाऱ्या यूयूआयडी या ओळखक्रमांकाने तिची नोंद करावी. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सएफॅट असेल, तर तिच्यावर लिनक्सच्या परवानग्या साठवल्या जात नाहीत आणि परवानगी बदलण्याच्या कमांडचा इच्छित परिणाम होत नाही. तेथे मालक, गट आणि परवानग्या याच नोंदीत लिहाव्या लागतात. नोंदीत ‘नोफेल’ हा पर्याय अवश्य घालावा, म्हणजे डिस्क जोडलेली नसतानाही संगणक सुरू होताना अडकून राहणार नाही.

डिस्क उशिरा जोडली गेली आणि सर्व्हर आधी सुरू झाला, तर त्याला रिकामा फोल्डर दिसतो आणि पुढच्या स्कॅनमध्ये सर्व्हर सगळे चित्रपट संग्रहातून वगळू शकतो. हे टाळण्यासाठी ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने जेलीफिन सेवेच्या युनिट विभागात ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ डिस्कच्या मार्गासह घालावी, म्हणजे डिस्क जोडली गेल्याशिवाय सेवा सुरूच होत नाही.

खात्याचा हाच नियम हार्डवेअर ट्रान्सकोडिंगलाही, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या मदतीने व्हिडिओचे स्वरूप बदलण्यालाही, लागू होतो. डेस्कटॉपवर बसलेल्या आपल्या खात्याला ग्राफिक्स चिप वापरण्याचा अधिकार आपोआप मिळतो, पण सेवेला मिळतोच असे नाही. जेलीफिनचे खाते ‘रेंडर’ गटात असावे लागते आणि गट बदलल्यानंतर सेवा पुन्हा सुरू करावी लागते. ट्रान्सकोडिंग फसल्यास मुख्य लॉगबरोबर त्याच फोल्डरातील एफएफएमपेगच्या नावाने सुरू होणारी फाइलही वाचावी, कारण खरे कारण बहुधा तिच्याच शेवटच्या ओळींत लिहिलेले असते.

प्रश्न : संगणकावरून एक ऑप्टिकल केबल ध्वनियंत्रणेला जोडली आहे. काही चित्रपटांना ५.१ आवाज मिळतो, काहींना केवळ दोनच स्पीकर वाजतात. शिवाय गाणे सुरू होताना पहिला सेकंदभर आवाजच येत नाही.

उत्तर : ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनेलचा साधा, संकुचित न केलेला पीसीएम आवाज किंवा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस या संकुचित स्वरूपातील ५.१ आवाज जाऊ शकतो. अनेक चॅनेलचा पीसीएम, ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी जाऊ शकत नाही, त्यासाठी एचडीएमआय लागते. ज्या चित्रपटांत डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस आवाज आहे ते आपल्याकडे नीट वाजतात, आणि ज्यांत एएसी स्वरूपाचा ५.१ आवाज आहे त्यांचे दोन चॅनेल होतात. कोडीच्या ध्वनिसेटिंग्जमध्ये चॅनेलची संख्या २.० ठेवावी, पासथ्रू चालू करावे आणि डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंगचा पर्याय निवडावा. ५.१ हवे असताना २.० निवडणे विपरीत वाटते, पण ती संख्या केबलमधून जाणाऱ्या पीसीएम चॅनेलची आहे, आणि ती २.० असल्याशिवाय ट्रान्सकोडिंगचा पर्याय दिसत नाही. पासथ्रू चालू असताना आवाजाची पातळी संगणकावरून बदलत नाही, तसेच ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ हा पर्याय पासथ्रूसोबत चालत नाही; हे दोष नव्हेत, कारण आवाजाचा प्रवाह न उघडता जसाच्या तसा पुढे पाठवला जातो.

पहिला सेकंद गायब होतो, कारण शांतता पसरल्यावर कोडी ध्वनिउपकरण बंद करते आणि प्रवाह पुन्हा सुरू झाल्यावर ध्वनियंत्रणेला तो ओळखण्यास वेळ लागतो. ‘कीप ऑडिओ डिव्हाइस अलाइव्ह’ हा पर्याय ‘ऑलवेज’ असा केल्यास ही अडचण दूर होते.

प्रश्न : नेटवर्कवरील सामायिक फोल्डर पूर्वी कोडीला आपोआप दिसत असे, आता यादीच रिकामी येते. एनएफएस या फोल्डर सामायिक करण्याच्या दुसऱ्या पद्धतीचा प्रयत्न केला, तर परवानगी नाकारली जाते.

उत्तर : यादी आपोआप दिसण्याची जुनी सोय एसएमबी या फोल्डर सामायिक करण्याच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. सुरक्षेच्या कारणास्तव ती आवृत्ती आता बहुतेक ठिकाणी बंद असते आणि ती पुन्हा चालू करू नये. यादीची वाट न पाहता ‘अ‍ॅड नेटवर्क लोकेशन’मध्ये सर्व्हरचा स्थिर आयपी पत्ता, फोल्डरचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड लिहावा. एनएफएसच्या बाबतीत, कोडी सामान्य खात्याने चालत असल्यामुळे ते १०२४ च्या वरच्या पोर्टवरून विनंती करते आणि सर्व्हर अशी विनंती मूलतः नाकारतो. सर्व्हरवरील ‘एक्सपोर्ट्स’ फाइलमध्ये त्या फोल्डरच्या नोंदीत ‘इनसिक्युअर’ हा पर्याय लिहिल्यावर ती स्वीकारली जाते. नाव भीतिदायक असले, तरी त्याचा अर्थ केवळ वरच्या पोर्टना मुभा देणे एवढाच आहे.

प्रश्न : देवनागरी सबटायटल्सच्या जागी चौकोन किंवा अगम्य चिन्हे दिसतात.

उत्तर : या दोन लक्षणांची कारणे वेगळी आहेत. चौकोन दिसत असतील, तर अक्षरे बरोबर वाचली गेली आहेत, पण निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. देवनागरी असलेला एखादा फाँट ‘डॉट कोडी’मधील ‘मीडिया’ फोल्डरच्या ‘फाँट्स’ या उपफोल्डरात ठेवावा आणि सबटायटल्सच्या सेटिंग्जमध्ये तो निवडावा. अगम्य चिन्हे दिसत असतील, तर फाइलचे एन्कोडिंग युनिकोडचे नाही किंवा कोडीने ते चुकीचे ओळखले आहे. ‘फाइल’ या कमांडला ‘आय’ हा पर्याय देऊन एन्कोडिंग तपासावे आणि यूटीएफ-१६ किंवा तत्सम काही आढळल्यास ‘आयकॉन्व्ह’ने फाइल यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्यावी. मात्र ती फाइल जुन्या, युनिकोडपूर्व देवनागरी फाँटसाठी टंकलेली असेल, तर तिच्यात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात आणि ‘आयकॉन्व्ह’चा उपयोग होत नाही, अशा फाइलसाठी त्या विशिष्ट फाँटचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे साधन वापरावे आणि नंतर जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी योग्य जागी आली आहेत की नाहीत हे स्वतः वाचून तपासावे.